आरणेसाहेबांचे डिसेंबर

आमच्या गेटवरच्या वॉचमनने पहिल्याच दिवशी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव 'श्री. आरणे' असं लिहिलं आणि मग ते तसंच राहिलं. खरं नाव आर्ने. देश फिनलंड. पण साकीनाक्याच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत जिभेला एवढे कष्ट द्यायला कुणाला सवड नव्हती. चहावाल्याने तर मला आठवडाभराने विचारलं होतं, "ताई, आरणे म्हणजे कऱ्हाडकडचे ना? मग इतके गोरे कसे?"

त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "कऱ्हाडला थंडी असते का?"

आम्ही औषधांची खोकी बनवतो. गोळ्यांच्या पाकिटांवर असतात ती, चपटी, कडक पुठ्ठ्याची. मी तिथे ऑफिस सांभाळते. पगार, पत्रव्यवहार, गाड्या, तिकिटं, आलेल्या माणसांची सोय, सगळं. आमचे मालक मेहतासाहेब यांनी फिनलंडमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून पुठ्ठा कापून घडी घालणारं जुनं मशीन विकत घेतलं, आणि ते उभं करायला, ज्या कारखान्याने ते मशीन बनवलं होतं तिथले आरणेसाहेब मशीनसोबत आले. नोव्हेंबरचा शेवट होता. वय साठीच्या आतबाहेर. उंच, किंचित वाकलेले, चेहऱ्यावर कायम नुकतंच लांबून आल्यासारखा थकवा. तो थकवा प्रवासाचा नव्हता हे कळायला मला फार वेळ लागला.

मशीनला हात लावण्याआधी ते त्याच्या पत्र्यावर तळवा टेकवून मिनिटभर उभे राहायचे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसायचे. काही बिघडलं की आमच्या कारखान्यातली पोरं म्हणायची, "साहेब, मशीन नाटक करतंय." त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, मोडक्या इंग्रजीतलं: "मशीन खोटं बोलत नाही. मशीन दमतं." दुसरं वाक्य त्यांच्या स्वतःच्या भाषेतलं होतं, ते आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं, पण अर्थ विचारला तर ते खांदे पाडून सांगायचे, "असंच असतं." लाइट गेली, असंच असतं. गोंद सुकला, असंच असतं.

आणि गप्प बसणं. आमच्याकडे माणूस पाच मिनिटं गप्प बसला की बाकीचे विचारतात, काय रे, राग आला का? आरणेसाहेब समोर बसून अर्धा तास एक शब्द न बोलता कॉफी पीत, आणि उठताना म्हणत, "चांगल्या गप्पा झाल्या." कॉफी त्यांची स्वतःची, गावाहून आणलेली. चहाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण प्यायलेही नाहीत.

त्यांच्या ह्या गप्प बसण्याशी जुळला तो एकच माणूस, आमचा मशीन चालवणारा बाळा परब. बाळा मूळ कणकवलीकडचा, आमच्याकडे वीस वर्षं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, साहेबांना मराठी येत नव्हतं, आणि दोघांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. हा पान्हा पुढे करी, तो घेई. कधी हा मान हलवी, कधी तो.

पहिल्या वर्षी त्यांचं परतीचं तिकीट वीस डिसेंबरचं होतं. पंधरा तारखेपासून मशीनने त्रास द्यायला सुरुवात केली. पुठ्ठा आत ओढून घेणारा जो भाग असतो, फीडर, तो मधूनच पुठ्ठा तिरका घ्यायचा. पन्नास खोकी सरळ, एक्कावन्नावं वाकडं. औषध कंपनीची ऑर्डर डोक्यावर होती. आरणेसाहेब सकाळी आठपासून मशीनखाली आडवे. अठरा तारखेला मेहतासाहेबांनी मला बोलावलं.

"वैशाली, त्याचं तिकीट पुढे ढकल. अठ्ठावीसचं कर."

"साहेब, मध्ये त्यांचा नाताळ आहे."

"मला माहीत नाही का? पण मशीन असं अर्धवट सोडून गेला तर माझी वाट लागेल. तू बोल ना त्याच्याशी. तुझं ऐकेल तो."

मी खाली गेले. ते हात पुसत होते. मी जमेल तेवढ्या नरमाईने सांगितलं. ते चिंधीने एकेक बोट पुसत राहिले.

"अठ्ठावीस?"

"हो. सॉरी."

"बरं."

एवढंच. मी पायऱ्या चढून वर आले, तिकीट बदललं, आणि दिवसभर मला स्वतःचा राग येत राहिला. माझे वडील बोटीवर होते. मालवाहू बोटीवर, खलाशी. गणपतीला येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. आई आम्हाला सांगायची, बोट सुटली नाही, बंदरात अडकली, कप्तानाने रजा दिली नाही. पुढे पुढे आम्ही कारण विचारणं सोडून दिलं. म्हणून ते तिकीट बदलताना माझ्या मनात आलं, तिकडेही कुणीतरी कुणाला तरी कारण सांगत असेल, आणि ह्या वेळचं कारण मी आहे.

दुसऱ्या दिवशी ते वर आले. चोवीस तारखेला दुपारी दोन तास सुट्टी हवी होती.

"कुठे जायचंय? गाडी सांगते."

"कब्रस्तानात."

मला वाटलं, शब्द चुकला. चुकला नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या दिवशी सगळे लोक कब्रस्तानात जातात, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. दुपारी तीनलाच अंधारायला लागतं. गुडघाभर बर्फ, आणि त्यात शेकडो ज्योती. मग घरी जाऊन जेवायचं. "हे केलं नाही," ते म्हणाले, "तर तो नुसता एक गुरुवार."

मरोळच्या गावठाणात आमच्या ओळखीचे काही ख्रिस्ती लोक राहतात, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचेच, घरात मराठी बोलणारे. तिथल्या चर्चमागे जुनं कब्रस्तान आहे. चोवीसला साडेतीनच्या सुमाराला मी त्यांना घेऊन गेले. बत्तीस-तेहतीस डिग्री असेल. गल्लीत चांदण्या टांगलेल्या, कुठे गाईच्या गोठ्याचा देखावा बांधणं चाललेलं, स्पीकर लावून बघत होते. आत कब्रस्तानात मात्र शांत. एक म्हातारी मावशी, गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसलेली, एका क्रूसाला पांढरा रंग देत बसली होती.

आरणेसाहेब मला म्हणाले, "विचारा, इथे कुणाकडे कोणी येत नाही?"

मी विचारलं. मावशीने ब्रश डब्यावर ठेवला आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"त्या भितीकडला हाय ना, त्याच्याकडं कोन येत नाय. पोरं सगली गेली कॅनडाला. पयलं पयलं यायची. आता नाय."

मी भाषांतर केलं. ते भिंतीकडे गेले. थडग्यावर वाळलेली पानं होती, ती त्यांनी हातांनी गोळा केली, बाजूला नेऊन ठेवली. खिशातून मेणबत्ती काढली तर ती गरमीने वाकली होती. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू सरळ केली, दगडावर बसवली आणि पेटवली. उन्हात ज्योत दिसेना. लागली की नाही हेच कळत नव्हतं. त्यांनी हात जवळ नेऊन बघितला, मग मला म्हणाले, "तुम्ही बघा." मी हात नेला. चटका बसला. लागली होती.

आम्ही थोडा वेळ तिथे उभे राहिलो. मी विचारलं, "तिकडे तुमचं कोण आहे? म्हणजे थडगी?"

"आई. वडील. मोठा भाऊ."

"आणि घरी?"

त्यांनी ज्योतीभोवती हाताचा आडोसा धरला. मग म्हणाले, "मुलगी आहे. सातू. तिला आता मुलगी झालीय. बायको वेगळी राहते, खूप वर्षं झाली." आणि मग, जणू मशीनचा एखादा भाग समजावून सांगावा तसं, "डिसेंबरात बाहेरच्या कामाला मी जायचो. ब्राझील, इजिप्त, इंडोनेशिया. कारखान्यात सांगायचो, तरुण लोकांना लहान मुलं आहेत, त्यांना घरी राहू द्या. सगळे म्हणायचे, आर्ने चांगला माणूस आहे." ते खाली त्या न दिसणाऱ्या ज्योतीकडे बघत होते. "मलाही लहान मूल होतं."

ठरवल्याप्रमाणे मी त्यांना तिथूनच घरी घेऊन गेले, घाटकोपरला, असल्फ्याला. हॉटेलच्या खोलीत त्या संध्याकाळी त्यांना एकटं सोडणं मला जमलं नसतं. आत्यंतिक चांगुलपणा नव्हता तो. तिकिटाची टोचणी होती.

माझ्या सासूबाई मालवणच्या. गोरा पाहुणा येणार म्हटल्यावर सकाळपासून स्वयंपाकघरात. दारात आरणेसाहेबांनी कुणी न सांगता वाकून बूट काढले, नीट जोडून भिंतीला लावले. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "बघ गो, पायतणां भायर काढल्यान. शिकवचां लागूक नाय."

त्यांच्याकडे नाताळला तांदूळ दुधात शिजवून लापशीसारखं करतात, असं ते मला कधीतरी बोलले होते. सगळ्या भांड्यात एकच अख्खा बदाम टाकतात. ज्याच्या वाट्याला तो येईल, त्याचं वर्ष चांगलं जाणार. मी हे सासूबाईंना सांगितलं होतं आणि त्यांनी तांदळाची खीर केली होती. फक्त एकच बदाम टाकणं त्यांना पाहुण्याचा अपमान वाटला. आरणेसाहेबांनी पहिला चमचा घेतला, बदाम निघाला. डोळे मोठे झाले. दुसरा चमचा, पुन्हा बदाम. तिसरा. मग त्यांनी माझ्या नवऱ्याच्या वाटीत डोकावून बघितलं, माझ्या वाटीत बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"काय झाला? तिखाट लागला?" सासूबाई घाबरल्या.

"नाही हो आई. ते म्हणतायत, तुमच्या घरात सगळ्यांचंच वर्ष चांगलं जाणार."

तेवढ्यात आरणेसाहेबांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर एक तरुण बाई, मागे खिडकीत काळोख, मांडीवर बाळ. सातूच ती. त्यांनी काहीतरी सांगितलं, बाळाकडे बघून हात हलवला. ती शांतपणे एक छोटं वाक्य बोलली. आरणेसाहेबांनी नजर वाटीकडे वळवली.

सासूबाईंना असल्या वेळी गप्प राहणं माहीतच नाही. त्यांनी फोन सरळ हातातून घेतला. "सातू गो, तुझ्या बापाशीक मी जेवूक घातलंय. तू काय एक काळजी करू नको. चेडू बरा असा मा तुझा?" पलीकडची बाई गोंधळून बघत राहिली आणि मग अगदी थोडं हसली. बाळही हसलं. मग फोन बंद झाला.

खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "सातू काय म्हणाली?"

"तिनं विचारलं, ह्या वर्षी कारण काय?"

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, रोज कारखान्यात जाऊन मी त्या मशीनकडे बघायचे आणि मला ते बघवत नसे. सत्तावीसला फीडर दुरुस्त झाला. अठ्ठावीसला ते गेले.

पुढच्या वर्षी मशीनच्या देखभालीसाठी ते पुन्हा आले. पुन्हा डिसेंबरातच. तेव्हा सातूचा फोन आला नाही. बाकी सगळं तसंच, मरोळ, भिंतीकडचं थडगं, आमच्याकडे खीर. सासूबाईंनी ह्या वेळी नाइलाजाने एकच बदाम घातला, तो माझ्या नवऱ्याला आला, आणि सासूबाई म्हणाल्या, "ह्येका देवन काय उपयोग?"

तिसऱ्या वर्षी ते आले तेव्हा मला शंका यायला लागली. तिकडच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. आता येत होते ते स्वतःहून, मेहतासाहेबांशी परस्पर ठरवून. वर्षाचे बारा महिने असताना डिसेंबरच का?

रविवारी ते पवई तलावाकाठी जाऊन बसायचे. त्यांच्या घराजवळही तलाव होता म्हणे. पवईच्या पाण्यावर पसरलेली जलपर्णी बघून ते एकदा म्हणाले होते, "हा तलाव श्वास घेत नाही." त्या रविवारी दुपारी कामाच्या अहवालावर त्यांची सही घ्यायला मी तिथेच गेले. ते बाकावर होते. सही केली. मी शेजारी बसले. तीन वर्षांत मलाही त्यांच्यासारखं गप्प बसता यायला लागलं होतं. पण त्या दिवशी नाही बसवलं.

"आर्ने, एक विचारू? पहिल्या वर्षी मी तुमचं तिकीट बदललं. मला अजून त्याचं वाईट वाटतं. सातू तुमच्याशी बोलत नाही, ते त्यामुळेच ना?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

"तुम्ही तिकीट बदललंत तेव्हा मला बरं वाटलं."

मला आधी कळलंच नाही.

"फीडरमध्ये मोठं काही नव्हतं," ते म्हणाले. "एक बोल्ट. पहिल्या दिवशीच मला सापडला. मी तो अर्धा सैल ठेवला."

समोर तलावावर बगळे उतरत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मशीन खोटं बोलत नाही, असं तीन वर्षं आमच्या कारखान्यातल्या पोरांना शिकवणारा माणूस.

"का?"

"तिकडे त्यांना माझ्याशिवायची सवय झाली आहे. गेलो की कुणाला तरी सरकून बसावं लागतं. सातू विचारते, कॉफी की चहा? स्वतःच्या बापाला. मी बसतो, सगळे हळू बोलतात, पाहुण्यासमोर बोलतात तसं. इथे," त्यांनी हात तलावावरून, रस्त्यावरून, सगळीकडे फिरवला, "इथे कोणी विचारत नाही मी का आलो. मशीनसाठी आलो."

"आणि ती विचारते, कारण काय?"

"हो."

"तर तुम्ही तिला माझं कारण सांगितलंत. माझं. आमच्या कंपनीचं."

मला इतका संताप आला की मी उठले आणि त्यांना तिथेच सोडून निघून गेले. रिक्षात बसून रडले. कुणासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. माझ्या वडिलांचीही एखादी बोट खरं तर वेळेवर सुटली असेल, असं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

सोमवारी मी बाळा परबला गाठलं. "बाळा, पहिल्या वर्षीचा तो बोल्ट तुला माहीत होता?"

बाळा गोंदाचा डबा ढवळत होता. ढवळतच राहिला.

"माहीत होता, म्याडम."

"मग बोलला का नाहीस? मेहतासाहेब तेव्हा ऑर्डरच्या टेन्शनमध्ये होते, मी..."

"काय बोलू? एवढा हुशार माणूस, आणि घरी जायला घाबरतोय. मला लाज वाटली बघायला. मी तिकडे बघितलंच नाही." मग म्हणाला, "आता मशीन मी एकटा सांभाळतो, म्याडम. त्यांनी सगळं शिकवलंय. त्यांना बोलवायची गरज तशी काय नाय."

त्या डिसेंबरात आम्ही मरोळला गेलो नाही. ते एकटे गेले असावेत. जाताना ऑफिसात आले, दारात उभे राहिले. मी कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. आज सांगायला लाज वाटते, पण नाही केली.

चौथ्या वर्षी ऑक्टोबरात मेहतासाहेब म्हणाले, "आरणेंना मेल टाक, नेहमीप्रमाणे."

"साहेब, डिसेंबरात नको. फेब्रुवारीत बोलवू. तोपर्यंत बाळा बघेल."

"डिसेंबरातच येतो ना तो? त्याला बरं पडतं."

"त्यांना बरं पडतं म्हणूनच नको."

मेहतासाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चांगला माणूस आहे, खोलात शिरत नाही. "तू बघ," म्हणाले.

मी मेल लिहिली. चार वेळा खोडली. शेवटी एवढंच ठेवलं: ह्या डिसेंबरात आमच्याकडे काम नाही. मशीन ठीक आहे. फेब्रुवारीत या. पाठवल्यावर मला वाटलं, हा अधिकार मला कुणी दिला? साठी उलटलेल्या माणसाने कुठे सण करावा हे ठरवणारी मी कोण? तो घरी गेला नाही, खोलीत एकटाच बसला तर? आमच्याकडे निदान खीर तरी मिळाली असती. सासूबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "माणसाक येव नको सांगतत?" एवढंच म्हणाल्या.

उत्तर तीन दिवसांनी आलं. 'बरं.'

त्या वर्षी चोवीस तारखेला संध्याकाळी फोनवर एकच ओळ आली. 'उणे अठरा. मी पोचलो.' कुठे पोचले ते लिहिलं नव्हतं. विचारायचं धाडस मला झालं नाही.

फेब्रुवारीत आले तेव्हा बरेच उतरले होते. डावा हात थरथरत होता, म्हणून पान्हा बाळा धरायचा आणि ते नुसते बोट दाखवायचे. मशीनवर तळवा टेकवून उभे राहिले तेव्हा कळेना, ते मशीनला आधार देतायत की घेतायत. माझ्याशी ते पहिले दोन दिवस कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आपली कॉफी घेऊन माझ्या टेबलासमोर बसले. नेहमीचा अर्धा तास गेला.

"मी सातूकडे गेलो होतो," ते म्हणाले.

"कसं झालं?"

"जड." त्यांनी कप फिरवला. "नातीने विचारलं, तू कोण? मी म्हणालो, आर्ने. आजोबा म्हणायला हवं होतं. सुचलं नाही."

मी पोळीचा तुकडा मोडला.

"टेबलाशी खुर्ची नव्हती. सातूने बाल्कनीतून घडीची खुर्ची आणली. तिच्यावर बर्फ होता, तो तिने पुसला. मी बसलो. फार थंड होती." ते किंचित हसले. "जेवण झाल्यावर मी तिला बोल्टचं सांगितलं."

"खरं?"

"हो. सगळं. तुमचं तिकीट, तुमची सासू, मेणबत्ती. ती भांडी धूत होती. मग तिने विचारलं, ब्राझीललाही बोल्ट होता का?"

माझा घास हातातच राहिला होता.

"काय म्हणालात?"

"हो म्हणालो. ब्राझीललाही. इजिप्तलाही. तेव्हा ती सात वर्षांची होती." त्यांनी डावा हात उजव्या हाताने धरून टेबलावर ठेवला. "ती रडली नाही. ओरडली नाही. भांडी संपवली. मी कोट घालून निघालो तेव्हा दारात म्हणाली, पुढच्या वर्षी आधी कळव. खुर्ची आदल्या दिवशी आत आणून ठेवीन."

बाहेर मशीन चालू झालं. सुट्टी संपली होती. आम्ही दोघंही उठलो नाही.

"तुमच्यावर मी रागावलो होतो," ते म्हणाले. "ऑक्टोबरात. खूप."

"मला माहीत होतं."

"आता नाही." मग जरा वेळाने, "थोडा आहे."

पुढच्या नाताळलाही ते तिच्याकडे गेले, एवढं मला त्यांच्या दोन ओळींच्या मेलवरून कळलं. नातीबद्दल एक ओळ होती, बर्फाबद्दल एक. आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मशीन बाळा बघतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या फेब्रुवारीत. विमानतळ आमच्यापासून जवळ, म्हणून ते गाडी नाकारून कायम रिक्षानेच जात. बाळाने त्यांची बॅग रिक्षात ठेवली, दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मी ऑफिसातून खाली येईपर्यंत रिक्षा इस्टेटीच्या तोंडाशी जाऊन अडकली होती. पुढे टेंपो उलटा वळत होता, मागे पाण्याचा टँकर, चारी बाजूंनी हॉर्न. दुपारचे दोन वाजलेले, वरून ऊन. मी धावत गेले, निदान हात तरी मिळवावा म्हणून. आत बघितलं तर आरणेसाहेब झोपले होते. मान एका बाजूला पडलेली, तोंड थोडं उघडं, हातपाय सैल सोडलेले. घरी पोचलेला माणूस पहिल्याच खुर्चीत झोपतो तसे. रिक्षावाल्याने मागे वळून मला विचारलं, "उठवू का?"

मी नको म्हटलं. टेंपो वळला, रिक्षा हलली, आणि ते तसेच झोपेत गेले.